काना

सकाळी साडेनवाला आयर्विन पूल चालत ओलांडतो,
खांबावरची फुटाची पट्टी वाचतो, सवय आहे,
मग मार्केट यार्ड.
मगदूम आणि मंडळींच्या अडतीत
पोती मोजतो, वजनं मांडतो,
सौदा सुटला की पावत्या फाडतो.
हळदीची धूळ भुवयांवर बसते,
डब्यातल्या भातावरसुद्धा.
आधारच्या मशीनवर अंगठा ठेवला
तर मशीन म्हणतं : परत ठेवा.
पुसून ठेवला. थुंकी लावून ठेवला.
परत ठेवा.

रात्री भांडी झाल्यावर
त्याच अंगठ्यानं लिहितो.
नाव : हळद्या.
चित्र : दंडोबाच्या डोंगरात कुणीतरी टिपलेला पिवळाजर्द नर.
मादी हिरवट असते, फिकी,
पानांत बसली की दिसत नाही.
तिचा फोटो शोधला होता, चांगला मिळाला नाही.

लिहितो काय, तर यार्डातलंच.
रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरायचा तेव्हाचं,
वडिलांकडून ऐकलेलं.
हमालाच्या पाठीवरचा पिवळा घाम.
एकदा आमटीवर लिहिलं, तर पुण्याचे कुणी म्हणाले,
सर, स्वयंपाकातलं बारीक कळतं तुम्हाला,
वहिनींना विचारता वाटतं?

वहिनी हसली.
चुलीवरचं दूध उतू गेलं.

खोटं मी बोललेलो नाही.
पुरुष आहे असं कुठं लिहिलंय दाखवा.
जातो, येतो, बसतो, एवढंच लिहिलं,
आणि आमच्या सांगलवाडीत बायका असंच बोलतात.
आई दारातनं म्हणायची, पाणी आणाय जातो गं.
मावशी म्हणायची, आज न्हाई येत, लई दमलो.
शाळेत कुलकर्णीबाईंनी फळ्यावर लिहिलं,
मुलगा जातो. मुलगी जाते.
माझ्या पाटीवरचा काना ओल्या फडक्यानं पुसला,
म्हणाल्या, एवढंच तर असतं.
घरी येऊन आईला म्हटलं, मी आले.
ती म्हणाली, कोण आलं?

मग तो श्रावण. पट्टीवर पाणी बघून
दुकानात म्हटलं, शेठ, पोती वर हलवा, कृष्णा थांबत नाही.
धनपालशेठ म्हणाले, पद्मल, तू चहा सांग.
रात्री हळद्यानं तेच लिहिलं.
वाक्यं तीच. पट्टी तीच.
सकाळी शेठ मोबाईल नाचवत आत आले :
हा हळद्या कोण आहे बघा, माणूस जाणकार आहे,
हमाल बोलवा, आत्ता.
बाराशे पोती वाचली.
चहा मीच सांगितला. चौदा कप, दोन बिनसाखरेचे.

राग आला का?
आला. आणि त्या माणसाचा अभिमानही वाटला,
तो जाणकार म्हणाल्यावर मी दोन पावत्या चुकलो.
आजही ठरवता येत नाही
त्या दिवशी पोती कुणी वाचवली.
शेठना सांगावं असं चार वेळा वाटलं,
पण सांगितलं असतं तर पुढच्या वर्षी
पाण्याचं कुणी सांगायचं?

गेल्या आठवड्यात जतहून एकानं लिहिलं.
नाव घेतलंय कुसळ.
दादा, घरात कळलं तर वही जाळतील,
तरी लिहितो. काय करू?
मी त्याला
(त्याला?)
उत्तर द्यायला बसलो.
मी बाई आहे, असं लिहिलं. खोडलं.
घाबरू नको, असं लिहिलं. तेही खोडलं,
कारण मी स्वतः कुठं न घाबरता लिहितो.
नवरा कूस वळवून म्हणाला, झोप की आता.
शेवटी आई लिहिली असती तसं लिहिलं :
सांगलीला ये एकदा. यार्डात चौथ्या गल्लीत असतो.
भात लावतो. बोलू.

उत्तर यायला दोन दिवस गेले.
पट्टी वाचली, पोती मोजली,
अंगठा मशीननं नाकारला.
तिसऱ्या दिवशी आलं, एवढंच :

बरं. येतो, अक्का.